इनहॅबिटेबल : राहण्याजोगं की न राहण्याजोगं?

खिडकीपाशी
१४ जून, रात्री ९:१२

शीर्षक वाचून हसू नका. या एका शब्दावरून आमच्या इमारतीत दोन तट पडलेत.

इमारत मुंबईतली, वय ४७. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, तसं आम्हीही करून घेतलं. खांबांवर हातोड्याची चाचणी झाली, काँक्रीटचे गोल तुकडे कापून नेले आणि तीन आठवड्यांनी बत्तीस पानी अहवाल आला. बाकी कुणी काही वाचलं नाही, पण एकतिसाव्या पानावर एक वाक्य आहे : 'थर्ड अँड फोर्थ फ्लोअर्स आर इनहॅबिटेबल इन प्रेझेंट कंडिशन.'

तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, करेक्टचं उलट इनकरेक्ट, तसं हॅबिटेबलचं उलट इनहॅबिटेबल. म्हणजे त्यांनी आता बोचकं बांधायचं. त्यांच्याच मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीने शब्दकोश उघडून दाखवला : इनहॅबिटेबल म्हणजे राहण्यालायक. मग हॅबिटेबल म्हणजे? तेही राहण्यालायक. काकांनी तिचा फोन हातात घेतला, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "अ‍ॅप बिघडलंय."

ज्यांनी अहवाल लिहिला ते गृहस्थ गावी गेलेत, फोन लागत नाही. रविवारी सभा आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

ज्वालाग्राही
१४ जून, रात्री ९:४०

माझा आयडी बघूनच तुम्हाला उत्तर मिळायला हवं. हायवेवर पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर काय लिहिलेलं असतं? 'हायली इनफ्लेमेबल'. काकांच्या हिशेबाने तो टँकर अजिबात पेट घेणार नाही. काकांना त्याच्यामागे विडी ओढत उभं करू नका एवढंच.

तिथलं 'इन' नकाराचं नाही, 'आत' या अर्थाचं आहे. आत ज्वाला धरणारं ते इनफ्लेमेबल. अमेरिकेत आगीपासून बचावाचं काम करणाऱ्यांना १९२०च्या दशकात हीच भीती वाटली, म्हणून त्यांनी 'इन' काढून नुसतं 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. आता दोन्ही शब्द चालतात, आणि दोन्ही पेटतात.

पंतोजी निवृत्त
१५ जून, सकाळी ६:०५

चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले, तरी हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही याचे वाईट वाटते.

लॅटिनमध्ये 'हाबितारे' म्हणजे राहणे. ते क्रियापद 'हाबेरे'वरून आले. हाबेरे म्हणजे जवळ असणे, बाळगणे. एखादी गोष्ट पुनःपुन्हा, सतत बाळगत राहणे म्हणजे हाबितारे. थोडक्यात, लॅटिन माणूस राहतो म्हणजे जागा धरून बसतो. पागडीच्या घरात वाढलेल्यांना हे समजावून सांगावे लागू नये.

त्याला 'आत' या अर्थाचे 'इन' लागून 'इनहॅबिट' झाले. त्याला 'एबल' जोडले की इनहॅबिटेबल, म्हणजे राहता येण्याजोगे. मग नकार करायचा तर पुढे 'अन' हवे : अनइनहॅबिटेबल. कानाला विचित्र लागते, पण बरोबर तेच.

मात्र काकांवर अन्याय नको. लॅटिनमध्ये दुसरे एक 'इन' होते, ते आपल्या 'अ'सारखे नकाराचे. त्यापासूनही हुबेहूब असाच शब्द झाला, अर्थ 'राहता न येण्याजोगे'. जुन्या इंग्रजीत तोच आधी रुळला होता. शेक्सपिअरच्या दुसऱ्या रिचर्डच्या नाटकात पहिल्याच प्रवेशात मोब्रे आपल्या शत्रूला बजावतो की आल्प्सच्या गोठलेल्या कड्यांपर्यंत किंवा दुसऱ्या कुठल्याही 'इनहॅबिटेबल' भूमीवर मी तुला गाठीन. तिथे अर्थ सरळ 'जिथे माणूस राहू शकत नाही' असाच आहे. काका सुमारे सव्वाचारशे वर्षे उशिरा जन्मले, इतकेच.

खिडकीपाशी
१५ जून, सकाळी ८:३०

पंतोजी, हे रविवारी सभेत जसंच्या तसं वाचून दाखवणार.

पण माझी अडचण तशीच आहे. शब्दाचा अर्थ काय हे कळलं. लिहिणाऱ्याच्या मनात कुठला होता?

माँट्रियलकर
१५ जून, सकाळी ८:५५

इथे रात्र आहे, झोप येत नाहीये, म्हणून लिहिते. काकांना फ्रेंचमध्ये पूर्ण मार्क आहेत.

फ्रेंचमध्ये 'आबिताब्ल' म्हणजे राहण्याजोगं आणि 'इनाबिताब्ल' म्हणजे न राहण्याजोगं. स्पेलिंग अक्षरन् अक्षर इंग्रजीसारखंच, अर्थ बरोब्बर उलटा. 'इनाबिते' म्हणजे जिथे कुणी राहत नाही असं, तर इंग्रजीत 'इनहॅबिटेड' म्हणजे जिथे वस्ती आहे असं. दोन्ही भाषा शेजारी शेजारी छापणाऱ्या आमच्या गावात हे किती महाग पडू शकतं याची कल्पना करा. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी एका जाहिरातीत बेटावरच्या सहलीचं वर्णन वाचून 'अरे वा, गजबजलेलं दिसतंय' म्हटलं होतं. जाऊन बघते तर पक्षी आणि आम्ही.

म्हणूनच की काय, कॅनडातल्या आमच्या क्वेबेक प्रांताच्या नागरी संहितेत या भानगडीत पडलेलेच नाहीत. कलम १९१३ म्हणतं की घरमालकाने 'राहण्यास अयोग्य' घर भाड्याने देऊ नये, तिथे सरळ दोन सुटे शब्द वापरलेत. पुढे १९१५ मध्ये भाडेकरूला असं घर सोडून जाण्याची मुभा आहे.

गिलावा
१५ जून, दुपारी १:२०

मी याच धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्यातले निम्मे लोक 'इनहॅबिटेबल' हा शब्द 'राहू नका' याच अर्थी वापरतात. चुकीचं आहे, पण तसंच आहे. शिवाय 'इन प्रेझेंट कंडिशन' हे शेपूट चांगल्या बातमीला कुणी लावत नाही.

पण शब्दाचा कीस पाडत बसू नका, प्रवर्ग बघा. महापालिकेच्या पद्धतीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून किंवा काही भाग पाडून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. अहवालाच्या शेवटच्या पानावर हे अक्षर आणि आकडा असायलाच हवा. नसेल तर तो अहवाल नाही, निबंध आहे.

आणि एक. सी-१ झाली तर महापालिका कायद्याच्या कलम ३५४ची नोटीस येते. मालकाचा अहवाल एक म्हणतो आणि रहिवाशांचा दुसरा, तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. तिथे शब्दकोश काढत नाहीत, चाचण्यांचे आकडे मागतात.

खिडकीपाशी
१५ जून, दुपारी १:४४

शेवटच्या पानावर शिक्का आहे आणि शिक्क्याखाली प्रवर्ग आहे. शिक्का ठसठशीत उमटलाय. :(

तलाठी होतो
१५ जून, संध्याकाळी ७:१०

इंग्रजीचं चालू द्या, मी आपल्या दप्तरातला शब्द सांगतो : बेचिराख.

आता लोक 'शहर बेचिराख झालं' म्हणतात ते जळून खाक झालं या अर्थी. आमच्या दप्तरात तसं नव्हतं. बेचिराख गाव म्हणजे ज्या गावात दिवा लागत नाही असं गाव. नकाशा असतो, सर्व्हे नंबर असतात, सातबारे असतात, सारा वसूल होतो, फक्त घर नसतं. शेजारच्या गावचे लोक येऊन शेती करतात आणि दिवस मावळायच्या आत परत जातात.

माझ्या सजात, म्हणजे माझ्याकडे असलेल्या गावांत, असं एक होतं. पांढरीचं टेकाड, एक चिंच आणि शेंदूर फासलेला मारुती. नवीन तलाठ्यांना सांगून ठेवतो, काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. मातीच्या भिंती पिढ्यान् पिढ्या विरघळून तिथली माती पांढुरकी होते. गाव उठलं तरी पांढर उठत नाही. म्हातारी माणसं म्हणायची पटकी आली आणि गाव उठलं. कुणी म्हणे दरोडे पडायला लागले. पाणी तर आजही तिथल्या विहिरीला आहे.

मुद्दा असा की ते गाव राहण्यालायक नव्हतं असं नाही. फक्त तिथे कुणी राहत नव्हतं. हे दोन वेगळे शब्द पाहिजेत. जनगणनेवाल्यांना हे बरोबर कळतं. २०११ला देशात सुमारे ६ लाख ४१ हजार गावं मोजली, त्यांतली वस्तीची सुमारे ५ लाख ९७ हजार. उरलेली चाळीस हजारांच्या वर गावं कागदावर नांदतात.

रानवाटा
१५ जून, संध्याकाळी ७:३८

छान माहिती, पण 'राख' शब्दात स्पष्ट दिसतेय की. राख उरली ते बेचिराख. दिवा कुठून आणला?

तलाठी होतो
१५ जून, संध्याकाळी ७:५२

राख असती तर पुढे 'बेचि' काय करतंय? फारशीत चिराग म्हणजे दिवा, बे म्हणजे विना. बेचिराग. मराठी तोंडात त्याचं बेचिराख झालं आणि मग लोकांना त्यात राख दिसायला लागली. दिसली म्हणून अर्थही तसाच वळला. तुमच्या इमारतीतल्या काकांना इनमध्ये नकार दिसला ना, तसंच हे.

पंतोजी निवृत्त
१५ जून, रात्री ८:१५

तलाठीसाहेब, दंडवत.

यावरून आणखी एक. मूळ शब्द 'असुर'. त्यातला 'अ' नकाराचा नव्हता. पुढे लोकांनी तो नकाराचा धरला आणि 'मग सुर कोण?' असा प्रश्न पडून 'सुर' म्हणजे देव हा शब्द मागाहून घडवला. अमेरिकेतल्या मंडळींनी इनफ्लेमेबलचा इन कापून फ्लेमेबल केले, तसेच. आणि 'अघोर' म्हणजे खरे तर जे घोर नाही ते, शिवाचे सौम्य रूप. आपण मराठीत 'अघोरी' कशाला म्हणतो ते सांगायला नको.

दर्यावर्दी
१६ जून, पहाटे २:३०

जहाजावर आहे, नेट मिळेल तेव्हा वाचतोय. 'राहण्यालायक' या शब्दावर समुद्रात केवढं राजकारण चालतं ते लिहितो.

समुद्राच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात, कलम १२१च्या तिसऱ्या पोटकलमात असं आहे की ज्या खडकावर माणसांची वस्ती टिकू शकत नाही किंवा ज्याला स्वतःचं आर्थिक जीवन नाही, त्याला अनन्य आर्थिक क्षेत्र मिळत नाही. बेट असेल तर चारही बाजूंना २०० सागरी मैल मासे, तेल, वायू सगळ्यावर हक्क. नुसता खडक ठरला तर फक्त १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र. म्हणजे 'वस्ती टिकेल का' या प्रश्नाच्या उत्तरावर अख्खा समुद्र.

फिलिपिन्सने चीनविरुद्ध केलेल्या खटल्यात हेगच्या लवाद न्यायाधिकरणाने १२ जुलै २०१६ला निकाल दिला. त्यात इटु अबाचा प्रश्न होता. दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली समूहातलं सगळ्यात मोठं नैसर्गिक बेट, लांबी दीड किलोमीटरच्याही आत, ताबा तैवानचा. तिथे गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, झाडी आहे, धावपट्टी आहे, दवाखाना आहे, माणसंही आहेत. तरी न्यायाधिकरण म्हणालं, हा खडक.

त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की सरकारने पगारावर ठेवलेली आणि बाहेरून आलेल्या शिध्यावर जगणारी माणसं म्हणजे वस्ती नव्हे. हंगामापुरते येणारे मासेमार किंवा पक्ष्यांची विष्ठा खणून नेणारे मजूर म्हणजेही वस्ती नव्हे. जिथे लोक आपलं घर म्हणून कायमचे राहतात, ती वस्ती. चीन आणि तैवान दोघांनीही निकाल धुडकावला, ते वेगळं.

मी त्या भागातून गेलोय. रात्री तिथल्या काही प्रवाळांवर भराव घालून केलेल्या तळांचे दिवे दिसतात. तलाठीसाहेबांच्या व्याख्येने ती बेचिराख नाहीत, न्यायाधिकरणाच्या व्याख्येने तिथे वस्ती नाही.

रानवाटा
१६ जून, सकाळी ७:१५

हे आमच्या एसटीसारखं झालं. वस्तीची गाडी रात्री गावात मुक्कामाला असते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपतात, विहिरीवर आंघोळ करतात, सकाळी सहाला गाडी काढतात. म्हणून ते गावकरी होत नाहीत. 'वस्ती' या एकाच शब्दात आपण रात्रीचा मुक्काम आणि पिढ्यांचं राहणं दोन्ही कोंबलंय.

अवांतर : 'नांदणे' हे राहण्याच्या कितीतरी पुढचं आहे. ते संस्कृतातल्या 'नन्द्'वरून आलंय, मुळात आनंद. नांदतं घर, नांदतं गाव. लॅटिनमध्ये जागा धरून बसणं आणि आपल्याकडे आनंदात असणं. (सासरी नांदायला गेलेल्यांनी यावर प्रतिक्रिया देऊ नये.)

ज्वालाग्राही
१६ जून, सकाळी ७:२१

प्रतिक्रिया : :D :D

शिंपला
१६ जून, सकाळी १०:४०

रामेश्वरमजवळच्या धनुष्कोडीला गेल्या वर्षी जाऊन आले, ते लिहायचा मोह आवरत नाही.

२२ डिसेंबर १९६४च्या रात्री चक्रीवादळात समुद्र गावावर आला. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट गेली. त्यानंतर सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवलं. आज तिथे चर्चच्या भिंती आहेत, रेल्वेच्या इमारतींचे अवशेष आहेत आणि २०१७ पासून टोकापर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे.

माझ्या डोक्यात 'अयोग्य' म्हणजे रिकामं असं होतं. तर तिथे मासेमारांच्या झापांच्या झोपड्या, पोरंबाळं, वाळत घातलेली मासळी, शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या बायका. एकीला मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, इथे पाणी कुठून आणता? तिने चार पावलं चालून वाळूत हाताने खड्डा केला. थोड्या वेळाने त्यात पाणी झिरपलं. गोडं होतं. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर.

सरकारी कागदात जे गाव साठ वर्षं 'अयोग्य' आहे तिथलं पाणी मी प्यायले. पण वादळ पुन्हा आलं तर त्या झोपड्यांचं काय होईल हेही मनातून जात नाही. सरकार चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही.

दोन खणी
१६ जून, दुपारी १२:०५

एवढ्या लांब कशाला जाता? १९७१च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमात इमारती 'मनुष्यवस्तीस अयोग्य' असतील तर तो भाग झोपडपट्टी क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. माझं बालपण अशाच घोषित वस्तीत गेलं. कायद्याने अयोग्य, आणि गल्लीत पाय ठेवायला जागा नाही.

गंमत पुढे आहे. घोषित झालं की नळ, संडास, पायवाटा यांचे पैसे येतात आणि परवानगीशिवाय हुसकावून लावता येत नाही. म्हणून आमच्या आईबापांनी मोर्चा काढला होता, मागणी काय, तर आमची वस्ती राहण्यास अयोग्य असल्याचं जाहीर करा! ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी पेढे वाटले. तेव्हापासून आम्ही तिथे निर्धास्त राहायला लागलो.

त्यामुळे तो शब्द इंग्रजीत कसा लिहायचा यापेक्षा तो कुणी कुणाला लावलाय हे मी आधी बघतो. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनाही विचारा, नोटीस कुणाच्या फायद्याची आहे.

गिलावा
१६ जून, दुपारी १२:३०

दोन खणी, पटलं. पण कृपया त्यांना भरीस घालू नका. स्लॅब पडताना फायदा कुणाचा ते बघत नाही. पावसाळा तोंडावर आहे.

वऱ्हाडी
१६ जून, दुपारी ३:१८

इकडे नागपुरात मे महिन्यात आम्ही सगळेच अनइनहॅबिटेबल असतो.

थट्टा सोडा. हवामानाच्या बातम्यांत हा शब्द आता रोज येतो, त्यामागचा आकडा माहीत असावा. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं ते ३५ अंशांवर गेलं की घाम वाळत नाही आणि धडधाकट माणूसही सावलीत बसून काही तासांत मरू शकतो, असं २०१०मध्ये शेरवुड आणि ह्यूबर यांनी मांडलं. २०२२मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगांत तरुण, निरोगी लोकांचं शरीर ३१च्या आसपासच हार मानायला लागलं. आमचं ४६ कोरडं असतं म्हणून निभतं. कूलरने हवा ओली केली की काय होतं ते जुलैत कळतं.

पंतोजी निवृत्त
१६ जून, संध्याकाळी ६:००

चर्चा पसरली, छान झाले. पण मूळ प्रश्न सोडवायचा तर इंग्रजीच्या या गोंधळातून एकच वाट : तो शब्द वापरूच नये. 'हॅबिटेबल' किंवा 'अनइनहॅबिटेबल' लिहावे. किंवा उत्तम म्हणजे मराठीत लिहावे. आपल्याकडे असला घोळ नाही.

खिडकीपाशी
१६ जून, संध्याकाळी ६:४५

पंतोजी, तुमचा प्रतिसाद वाचला आणि त्याच वेळी दाराखालून सेक्रेटरींचं मराठी परिपत्रक सरकलं. जसंच्या तसं देते :

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, इमारतीचा तिसरा व चौथा मजला निवासायोग्य असल्याचे अहवालात नमूद आहे.'

आता सांगा. निवासा-योग्य की निवास-अयोग्य?

ज्वालाग्राही
१६ जून, संध्याकाळी ६:४८

*पंतोजींच्या प्रतिसादाची वाट बघतोय. चहा घेऊन.*

पंतोजी निवृत्त
१६ जून, रात्री ९:३०

हरलो.

समास केला तर 'निवासयोग्य' व्हायला हवे, तिथे 'सा'ला काना नको. काना दिला की दोन वाटा फुटतात. 'खाण्यायोग्य', 'पिण्यायोग्य' या धर्तीवर वाचले तर राहण्याजोगे. निवास अधिक अयोग्य असा दीर्घ संधी धरला तर न राहण्याजोगे. व्याकरणदृष्ट्या दुसरे अधिक शुद्ध आहे, कारण दोन्ही शब्द तत्सम. पण सेक्रेटरींनी व्याकरण पाहून लिहिले असेल असे वाटत नाही.

दोन खणी
१६ जून, रात्री ९:३४

सेक्रेटरी कुठल्या मजल्यावर राहतात?

खिडकीपाशी
१६ जून, रात्री ९:३६

पहिल्या.

खिडकीपाशी
२३ जून, रात्री १०:२०

उशिरा लिहितेय, सामान हलवण्यात गेले दिवस.

ते गृहस्थ गावाहून आले. सभेत त्यांना थेट विचारलं. ते म्हणाले, "अहो, इनहॅबिटेबल म्हणजे राहू नका, सोपं आहे की." कॉलेजातल्या मुलीने हात वर केला, तिच्या आईने तो खाली ओढला. सुधारित पान मिळालं, या वेळी प्रवर्ग वाचता येतो : सी-२ए. दुरुस्ती होईपर्यंत वरचे दोन मजले रिकामे. गिलावा यांचे आभार, कुठले चाचणीचे आकडे मागायचे ते तुमच्यामुळे कळलं. दोन खणी यांचेही, कारण परत आत घेण्याची हमी आम्ही लेखी घेतली, तारखेसकट. काका बहिणीकडे गेलेत. जाताना जिंकल्यासारखे दिसत होते, बोचकं हातात होतं तरी.

परांची बांधायला सुरुवात झालीय. जिन्यात पाटी लावायची होती. मी 'अनइनहॅबिटेबल' सुचवलं, रंगाऱ्याने अक्षरं मोजली आणि नाही म्हणाला. शेवटी तांबड्या रंगात लिहिलंय : 'वर राहू नये.'

काल कुणीतरी त्याखाली खडूने लिहून ठेवलं : 'खाली तरी राहू का?'